काळ्या डागाची सरळ कड

चित्रावरचा काळा डाग ज्वारीच्या दाण्याएवढा होता. तीन बाजूंनी फाटलेला; वस्तीकडची कड मात्र सरळ. गेल्या चैत्रात उपग्रहानं टिपलेलं ते चित्र वर्षभरानं आमच्या नकाशा कार्यालयात आलं. डाग खरंच जळलेल्या माळाचा आहे का, हे पाहायला मी दुधनीजवळच्या वस्तीवर गेले.

पंचाक्षरी अप्पांनी बाजेवर बसूनच चित्र घेतलं. त्यांची सून जगदेवी म्हशीपुढं उरलासुरला कडबा टाकत होती. मागं माळावर वाळलेलं गवत कमरेएवढं उभं होतं. पावसाला कोवळं गवत फुटावं म्हणून पाडव्यानंतर माळ जाळायची इथली रीत. यंदा कुणी काडी लावली नव्हती. गेल्या साली त्याच आगीत अप्पांचा मुलगा, जगदेवीचा नवरा शिवयोगी, गेला होता.

"ह्यात आमचा शिवयोगी दिसंल का, बाई?"

"माणूस दिसत नाही, अप्पा. घरसुद्धा नाही. नुसती जळलेली जमीन उमटते."

"वरनं नुसतं बगतोय व्हय? इझवायला येत न्हाय?" त्यांनी चित्र मांडीवर ठेवलं. "चुकलं त्येचंच. वारं फिरल्यालं दिसत हुतं की. पळायचं सोडून वस्तीकडं कशाला थांबला?"

जगदेवी हात पुसत आली. "आपली बाजू कुटली?"

मी सरळ कड दाखवली, भिंग दिलं. ती बराच वेळ वाकून राहिली.

"मामा, हितं बगा. ह्यो त्येंचा पट्टा. जाळ यायच्या आदी हितलं गवत जाळून मोकळं करत हुते. आग हितवर आली नि थांबली. म्हून आपुन हाय."

अप्पांनी बोटानं डाग झाकला. पुन्हा उघडला.

पलीकडच्या शिवारात कुणीतरी धसकटं पेटवली होती. धूर आमच्याकडं कलत होता.

"औंदा गवत लई हाय," जगदेवी म्हणाली. "ठिणगी आली तर अडवायला पट्टा न्हाय."

"सोमवारी बगू."

"दर सोमवारी हेच म्हंता, मामा."

तिनं भिंग माझ्या हातात परत दिलं आणि माळाकडं तोंड करून उभी राहिली.

"उद्या सकाळी, वारं उठायच्या आत, पट्टा जाळायचा. मग माळ. काडी मी लावणार."