साळुबाईचा नवस

आशाने परातीतल्या मिठाच्या पाण्यात दोन्ही हात मनगटापर्यंत घातले आणि ती तळाशी करवंदं घोळवायला लागली. पाण्यावर चिकाचे पांढरे तंतू तरंगून आले. ते तिने बोटाने कडेला ओढले, परात तिरकी करून पाणी बांधाकडेला ओतलं आणि दुसरं घेतलं. तीन पाणी झाल्याशिवाय करवंदाचा चीक जात नाही. राहिला तर ओठांना चिकटतो.

चिंचेखाली तीन दगडांची चूल पेटली होती. तिची भावजय सुंदरा तव्यावर खोबरं भाजत होती आणि धुराने डोळे बारीक करून आशाच्या हातांकडे बघत होती. मागे चिंचेच्या मुळीला पाय बांधलेला तांबडा कोंबडा उभा होता. सकाळपासून तो एकदाही ओरडला नव्हता.

"ह्ये काय चाललंय, वन्सं?"

"सॅलड. करवंदं, विहिरीवरच्या तुती, आणि मी पुण्याहून स्ट्रॉबेऱ्या आणल्यात. हंगामातल्या शेवटच्या."

"सॅलड म्हंजी कोशिंबीरच की. कॉलेजात जाऊन आलेली."

आशाला हसू आलं. "आईच करायची ही. नुसत्या करवंदांची. गूळ, मीठ, जिऱ्याची पूड."

"आमाला तर कधी खाऊ घातली न्हाई. म्हणायच्या, एकेक करवंद फोडून बी काढायची, कुणाला हाय एवढी सवड?"

आशाने दुसरं पाणी ओतलं. सवड तिला आज होती. मे महिना होता, तिने बँकेतून चार दिवसांची रजा काढली होती. तिच्या भावाने, गोरखने, पंधरा दिवसांपूर्वी एसटीडी बूथवरून फोन करून सांगितलं होतं, "ताई, सुट्टी काढून ये. आईचा नवस ऱ्हायलाय. शेतात भैरवनाथाला कोंबडा देऊ, तिथंच चूल मांडू, जेवू. पर तू पायजेस." कसला नवस, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्याचा असाच फोन आला होता, आईने बोलणं सोडलंय म्हणून. बँकेत कामं पडली होती. शनिवारी निघते, असं ती म्हणाली होती. गुरुवारी आई गेली. आशा गावी, खोडदला, पोचली तेव्हा आईला, साळुबाईला, अंगणात घेतलं होतं आणि तिच्यासाठी खोळंबलेली माणसं भिंतीच्या सावलीला सरकून बसली होती.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट विचारायची होती. गोरखला विचारायची हिंमत नव्हती. त्याने चार महिने आईचं सगळं अंथरुणात केलं होतं, तिचे केससुद्धा तोच विंचरायचा.

"सुंदरा," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "शेवटी शेवटी आईनं माझं नाव घेतलं का गं?"

सुंदराने तवा खाली उतरवला.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"न्हाई घेतलं. कुणाचंच न्हाई घेतलं, वन्सं. ह्यांचं बी न्हाई. दोन दिस तोंडातनं अक्षर न्हाई. शेवटाला त्या कोंबड्याचं बोलल्या, तेवढंच."

"कोंबड्याचं?"

सुंदराने वळून पाहिलं. बांधापलीकडे गोरख आणि शेजारच्या मळ्यातले भिकातात्या भैरवनाथाच्या दगडाला शेंदूर लावत होते. ती थोडी जवळ सरकली.

"तुमाला ह्यांनी सांगितलं न्हाई व्हय? दिवेलागणीची वेळ व्हती. मी दिवा घेऊन आत गेले. ह्ये पाय चेपत बसलेले. सासूबाई निपचित. आन् एकाएकी त्यांनी मान फिरवली, मागच्या दाराकडं. दार सताड उघडं, दारात कुणीसुदिक न्हाई. मान अशी कलती केली, कानानं काय तरी टिपावं तशी. आन् म्हणल्या, 'कोंबडा.' एकदम खणखणीत. दोन दिसांत पयल्यांदा."

"मग?"

"मंग गप. दारातल्यानं काय तरी इचारावं आन् आपण ऐकून घ्यावं, तशा गप. परत म्हणल्या, 'कोंबडा.' परत गप. तिसऱ्यांदा 'कोंबडी' म्हणल्या. आन् हसल्या ओ. बारक्या पोरीवानी हसल्या. घटकाभरात गेल्या."

सुंदरा सांगत राहिली. भिकातात्यांनी दुसऱ्याच दिवशी उलगडा केला होता. मागच्या दाराला देव येऊन उभा होता, राहिलेला नवस मागायला, आणि साळुबाईने तो कबूल केला. तिसऱ्या वेळी जीभ अडखळली, एवढंच. लेकाच्या देखत बोलली म्हणजे फेडायचं लेकाने. गोरख तेव्हापासून नीट झोपला नव्हता. आधी गव्हाची काढणी, मग कांद्याची, दिवस पुढे जात राहिले.

"आन् कोंबड्या बी," सुंदरा म्हणाली. "तवापसनं दिवेलागणीला खुराड्यात जात न्हाईत. मागच्या दाराम्होरं येऊन उभ्या ऱ्हात्यात, साऱ्याच्या साऱ्या. तोंडं दाराकडं. दाणं टाकलं तरी माना वळवत न्हाईत. मी त्ये दार लावूनच घेतलंय."

लांब, उसाच्या पट्ट्यामागे, आभाळातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिशा उभ्या होत्या. दोघी बघत असताना त्या हलल्या. सगळ्या एकाच वेळी, एकाच बाजूला, जराही आवाज न करता कलल्या आणि थांबल्या.

"ह्या डिशांला लई लांबचं ऐकू येतं म्हणं," सुंदरा म्हणाली. "आमाला घरातलं कळंना."

तिने तवा पुन्हा चुलीवर ठेवला. आशाने करवंदं फडक्यावर पसरली आणि एकेक घेऊन अंगठ्याच्या नखाने फोडायला लागली. बी बाहेर काढायची, दोन फाका पातेल्यात टाकायच्या. सुंदराची लेक समृद्धी तुतींनी तोंड जांभळं करून विहिरीकडून पळत आली. फडक्यावरचं एक करवंद उचलून तिने मुठीत धरलं आणि मूठ आशाच्या नाकासमोर आणली.

"आत्या, कोंबडा का कोंबडी?"

आशाचं नख करवंदात रुतलेलं तसंच राहिलं.

"काय म्हणालीस?"

"अगं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. न बघता सांगायचं. बरोबर आलं तर तुझं, चुकलं तर माझं. एवढं बी येत न्हाई तुला?"

"कुठं शिकून येती काय म्हाईत," सुंदरा म्हणाली. "माझ्या माहेरी, आण्याच्या माळाला, कुठली आलीत करवंदं? दगडं हायेत फकस्त."

समृद्धी उत्तराची वाट बघून कंटाळली. तिने करवंद स्वतःच फोडलं, कोंबडी निघाली, ती तोंडात टाकली आणि पुन्हा विहिरीकडे पळाली.

आशा हातातल्या फाकांकडे बघत बसली. हा खेळ गोरखलाही येत होता. पण फेब्रुवारीत करवंदं नसतात, आणि मरणाऱ्या माणसाच्या पायाशी बसलेल्याला खेळ आठवत नाही, देव आठवतो. लहानपणी विचारणारी नेहमी आशा असायची. शाळेतून, रानातून, बाजारातून आणलेली करवंदं मुठीत घेऊन ती मागच्या दारात उभी राहायची, आणि आई हातातलं काम न थांबवता मान कलती करायची. फळच तिला काही सांगतंय आणि ती ऐकून घेतेय, अशी. मग सांगायची. आई कधी चुकली नव्हती. आशा रडकुंडीला यायची आणि आई हसायची.

आई नवस बोलत नव्हती. ती उत्तर देत होती.

आशाने करवंदं बाजूला केली आणि स्ट्रॉबेऱ्यांचा खोका पुढे ओढला. पहिल्या स्ट्रॉबेरीचा देठ काढला, पाटावर ठेवून मधोमध चिरली. आत पांढरट होती, देठाशी पोकळ. ती सुरी हातात धरून तशीच थांबली.

त्या गुरुवारी संध्याकाळी ती पुण्याच्या घरात एकटी होती. नवरा सेकंड शिफ्टला गेला होता. स्वयंपाकघरातला दिवा तिने अजून लावला नव्हता. बँकेतून येताना हातगाडीवरून स्ट्रॉबेऱ्या घेतल्या होत्या. पहिली चिरायच्या आधी, का ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं, तिने रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने विचारलं होतं, "कोंबडा का कोंबडी?" स्वतःच्याच आवाजाने ती दचकली होती. मग चिरली. लाल निघाली. दुसरी उचलली, पुन्हा विचारलं. लाल. तिसरी कच्ची होती, आत पांढरी फटक. एकटीनेच बसून खायची तिला लाज वाटली होती आणि चौथी न चिरता तिने हात धुतले होते. गोरखचा फोन आठ वाजता आला.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"ताई!" बांधावरून गोरखची हाक आली. "या सगळी. झालंय इकडं."

सुंदराने मुळीची गाठ सोडून कोंबडा काखेत घेतला. आशाने साडीला हात पुसले. ते कोरडे होते, तरी ती पुसत राहिली.

भैरवनाथाचा दगड शेंदराने ओला होता. पुढे नारळ फोडून ठेवलेला. भिकातात्यांनी कोंबडा खाली उभा केला आणि तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर शिंपडलं. कोंबड्याने अंग झाडलं की देवाने घेतला. झाडल्याशिवाय सुरी लावायची नाही.

कोंबडा उभा राहिला. पाणी पिसांवरून ओघळून मातीत गेलं.

तात्यांनी पुन्हा शिंपडलं. "घ्या देवा, मान्य करून घ्या."

कोंबड्याने डोळ्याची पापणी वर-खाली केली. बस्स.

"कोंबडा हाय का दगूड, राव?" तात्या म्हणाले. सुंदरा हसली. चौथ्या खेपेला कुणी हसलं नाही. तात्यांनी अर्धा तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. कोंबडा निथळत, मान ताठ ठेवून, आशाच्या मागे कुणाकडे तरी बघत उभा होता. आशाला मागे वळून बघावंसं वाटलं. तिने बघितलं नाही.

"तात्या, काय चुकलं?" गोरखने विचारलं.

"तुजं काय चुकणार बाबा. असंल काय तरी आडलेलं."

गोरख दगडासमोर खाली बसला. कोपरापर्यंत शेंदूर लागलेले हात त्याने मांडीवर उताणे ठेवले.

"चार महिने अंथरुणात व्हती," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "पाणी दे म्हणाली न्हाई, दुखतंय म्हणाली न्हाई. सगळं मलाच वळखून करावं लागायचं. एकच गोष्ट मागितली मरताना, आन् ती बी माज्याकडं. ती बी मला देता यीना."

आशाच्या तोंडात वाक्य तयार होतं. ती तुझ्याकडे काही मागत नव्हती, गोरख. ती माझ्याशी बोलत होती. तीन महिने जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते फक्त उच्चारायचं बाकी होतं. कोंबडा सुटला असता. गोरखला झोप लागली असती, कदाचित. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. या हातांनी आईची वेणी घातली होती. त्या चार महिन्यांतलं आईचं म्हणून त्याच्यापाशी हे एवढंच होतं. एक मागणं.

"तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "माझ्यावर रुसली असेल ती. मी शनिवारी येते म्हणाले होते. मला बघू दे."

"लेकीनं टाकलं तर चालतंय का वो, तात्या?" सुंदराने हळूच विचारलं.

"चालतंय की. तिच्याच पोटची हाय."

आशा पुढे झाली. तात्यांनी उरलेलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. ती कोंबड्यावर वाकली. त्याचा गोल, पिवळा डोळा अगदी जवळ होता. तिचे ओठ हलले, आवाज बाहेर आला नाही.

कोंबड्याने मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. सगळी पिसं उभी राहिली, थेंब चारी बाजूंनी उडाले, दगडावरच्या शेंदरावर आणि गोरखच्या तोंडावर.

"घेतला!" भिकातात्या ओरडले. "घेतला देवानं! लेकीसाठी आडून बसली व्हती म्हातारी!"

गोरख दगडावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. सुंदराने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तात्यांनी सुरी काढली. चुलीकडून खोबरं करपल्याचा वास आला, तशी सुंदरा उठून पळाली. आशाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ती वाकलेली होती तशीच राहिली. तिची ओंजळ अजून भरलेली होती.