वाळ्याचे पडदे

जेठातल्या मारवाडात गाडी गार राखायची, तर ओल्या पडद्यातून आलेला वारा दुसऱ्या बाजूने निघून जावा लागतो, हे सुगनकंवर ठकुराणींना कुणी शिकवायला नको होते. रावळ्यातल्या जनानखान्याच्या पश्चिमदारावर वाळ्याची ताटी चढली की समोरचा झरोका उघडा ठेवायचा, ही शिस्त सगळ्या सुनांना त्यांनीच लावली होती. पण झरोक्यासमोर आकाश होते. अॅम्बेसेडरच्या खिडकीसमोर रस्ता होता, आणि रस्त्यावर पुरुष होते. म्हणून त्यांनी मागच्या दोन्ही खिडक्यांना वाळ्याचे पडदे घट्ट शिवून घेतले, पाठीमागच्या काचेवर सतरंजी बांधली आणि चालकाच्या पाठीशी जाड कापड सोडले.

धाकटी सून प्रेमकंवर आठव्या महिन्यात होती. तिचे पहिले मूल पोटातच गेले होते. या खेपेला जोधपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच येऊन राहायला बजावले होते. ठाकुरांच्या घरची वेल आता या एका पोटावर होती, आणि ते पोट सांभाळून नेण्याचा विडा ठकुराणींनी उचलला होता.

गाडी धावत होती तोवर वाळ्यातून झिरपणारी झुळूक गोड लागली. मग रेल्वेचे फाटक लागले आणि गाडी उभी राहिली. वाराही पडला.

"माजीसा, पडद्यांवर पाणी मारू?" चालक भीखारामने बाहेरून विचारले.

"मार की! हात आखडू नकोस. विहिरीचं पाणी आहे, तुझ्या सासऱ्याचं तूप नाही."

त्याने बंपरला टांगलेली पाण्याची छागळ सोडली आणि पडदे भिजवले. आत वाफ दाटली. वाळ्याचा सुवास शिळ्या चिखलासारखा होत गेला. ठकुराणींच्या बोटांत अंगठ्या रुतू लागल्या, तरी त्या ताठ बसून राहिल्या.

पुढच्या जीपमधून त्यांचे दीर सवाईसिंह उतरून खिडकीशी आले. नात्याने ते प्रेमचे चुलतसासरे. त्यांची चाहूल लागताच तिने घुंघट छातीपर्यंत ओढला.

"भाभीसा, थाट आहे बुवा! आम्ही जीपमध्ये पापडासारखे भाजतोय आणि तुम्ही काश्मिरात!"

"काश्मिरात जायला डोकं लागतं, देवरसा. नुसता साफा बांधून भागत नाही."

"बीनणी बरी आहे ना?"

"चुळबूळ नाही, कुरकुर नाही. माझी सून खानदानी लेक आहे."

सवाईसिंह तिथेच, गाडीच्या सावलीत, विडी पेटवून उभे राहिले. मालगाडीचा पत्ता नव्हता. पुरुषांच्या कानांवर सुनेचा आवाज जाऊ नये, म्हणून प्रेम चुड्याने बोलत असे. एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नको.

"पाणी घेतेस?" ठकुराणींनी हळूच विचारले.

चुडा वाजला नाही.

"प्रेम? पाणी?"

या खेपेसही तो वाजला नाही. ठकुराणींनी घुंघट उचलला. चेहरा तव्यासारखा तापलेला, कोरडा. डोळे अर्धे मिटलेले. इतका वेळ जिला मर्यादा समजून त्या सुखावत होत्या, ती हरपलेली शुद्ध होती.

"भीखा! दारं उघड, दोन्ही!"

"माजीसा, बाहेर माणसं आहेत..."

"आहेत म्हणूनच सांगतेय! पाणी कोण आणणार, मालगाडी?"

त्यांनी खिडकीचा पडदा दोन्ही हातांनी हिसडून फाडला आणि सुनेची ओढणी डोक्यावरून काढून टाकली. फाटकाशी उभ्या पुरुषांनी रीतीप्रमाणे पाठी फिरवल्या. सवाईसिंह जीपवरची छागळ घेऊन निघाले, पण तेही उलट पावलांनी, पाठमोरे.

"खेकड्यासारखे काय येताय? सरळ या! ती गेली तर कुणापासून तोंड लपवाल?"

ते वळले. मान खाली घालून त्यांनी पाणी ओतले. डोक्यावर, मानेवर, पावलांवर. ठकुराणी फाटलेल्या पडद्यानेच वारा घालत राहिल्या. बऱ्याच वेळाने प्रेमने डोळे उघडले. चुलतसासऱ्यांना पाहताच तिचा हात ओढणी चाचपू लागला. ठकुराणींनी तो धरून खाली ठेवला.

"हलत नाहीये, माजीसा," प्रेम म्हणाली. सर्वांना ऐकू येईल असे. "फाटक लागल्यापासून हललं नाही."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"काकोसा उभे होते."

सवाईसिंहांच्या हातातली छागळ रिकामी लोंबत राहिली.

मालगाडी गेली, फाटक उघडले. खिडक्या सताड उघड्या ठेवून गाडी निघाली. वाळवंटातल्या तापल्या वाऱ्याची लू तोंडावर निखारे फेकत होती. ठकुराणी सुनेच्या गळ्याभोवती ओले फडके फिरवत होत्या. दुसरा तळवा पोटावर होता. मध्येच तळव्याखाली काही सरकल्यासारखे वाटले. की रस्त्याचा खड्डा होता?

"गाडी थांबव."

"इथं? माजीसा, जोधपूर लांब आहे, ऊन..."

"थांबव म्हटलं ना! इंजिनही बंद कर."

उजाड माळावर गाडी थांबली. ठकुराणींनी डोळे मिटले. कितीतरी वेळ काहीच नाही. मग आतून, थकल्यासारखी, एक टाच तळव्याला लागली.

पुन्हा मात्र लागली नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "जोरात चल."