बाहेरून कडी

मेडिकल कॉलेजच्या सुतारखान्यात मिस्त्रींनी आजवर हरतऱ्हेची कामं केली होती. वर्गातली बाकं, औषधांची कपाटं, कुबड्या, आणि ज्यांना न्यायला कोणीच आलं नाही त्यांच्यासाठी साध्या पेट्यासुद्धा. पण जिवंत माणसाला बसवण्यासाठी पेटी करायचं काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं.

हुकूम मोठ्या साहेबांचा, म्हणजे प्राचार्यांचा होता. यंदा कॉलेजात प्रथमच एक मुलगी आली होती. तिचे गुण इतके होते की नाही म्हणायची सोय उरली नाही, म्हणून घेतली. मग मुलांनी तक्रार केली. टेबलावर प्रेत उघडं असतं, शेजारी बाईमाणूस बसलं तर आम्हाला लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं. पाठोपाठ त्यांचे वडील येऊन हेच सांगून गेले. साहेबांनी तोड काढली. वर्गात सगळ्यात वरच्या बाकामागे, कोपऱ्यात, एक लाकडी खोली उभारायची. खोली कसली, उभी पेटीच ती! आत एक स्टूल, छताला हवेपुरती जाळी, लहानसं दार, आणि दाराला कडी बाहेरून. तासाआधी शिपायानं मुलीला आत बसवायचं आणि सगळी मुलं निघून गेली की कडी काढायची.

जरा विचार करा. लाज वाटत होती मुलांना, आणि कोंडायचं ठरलं मुलीला!

मिस्त्रींना मात्र तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. त्यांची बायको आदल्या वर्षी गेली होती. तेव्हापासून ते खालमानेनं कामावर यायचे आणि खालमानेनं घरी जायचे. चांगल्या घरच्या पोरीला हे मढ्यांचं शिक्षण हवंय कशाला, असंच त्यांनाही वाटायचं. त्यांनी फळी फळीला इतकी घट्ट बसवली की मधून केसही जाऊ नये. निम्मी पेटी उभी राहिली तेव्हा शिपायाला बोलावून त्यांनी ती कौतुकानं दाखवलीसुद्धा.

एके दिवशी दुपारी ती मुलगीच सुतारखान्यात आली. मागून व्हरांड्यातून मुलांचे आवाज येत होते. कोणी कण्हल्याचं सोंग करत होता, कोणी ओरडत होता, "अहो डॉक्टरीणबाई, आमची नाडी बघता का?" हे तिला रोजचंच असावं. तिनं मान वळवली नाही. पेटीभोवती एक फेरी मारली, आत जाऊन स्टुलावर बसली आणि बाहेर आली.

"मिस्त्री, यातून टेबल दिसणार नाही," ती म्हणाली.

"दिसू नये म्हणूनच तर करतोय, बाई."

"सरांचं बोलणं ऐकू येईल. पण ते बोट कुठे ठेवतात ते दिसलं नाही, तर मी शिकणार काय? परीक्षेत मी नापास होणार. मग हेच म्हणणार, बघा, बायकांना जमत नाही. एक फट ठेवाल का? टेबलापुरती."

साहेबांचा हुकूम आहे, असं सांगून मिस्त्रींनी रंधा पुन्हा हातात घेतला. ती निघून गेली.

लेक लग्न होऊन सासरी गेलेली, त्यामुळे बायको गेल्यापासून त्यांचं घर अक्का सांभाळत होती. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. एकटी बाई, बोलणं तोंडावर. त्या संध्याकाळी जेवताना मिस्त्रींनी तिला पेटीची गोष्ट हसत हसत सांगितली आणि वर म्हणाले, की बायकांनी डॉक्टर व्हायचं म्हणजे उद्या आम्ही पाळणे हलवायचे.

अक्का वाढता वाढता थांबली. भांडं खाली ठेवून समोर बसली.

"भाऊजी, माझी बहीण कशानं गेली?"

"पाठीच्या दुखण्यानं. तुम्हाला ठाऊक नाही का?"

"मला ठाऊक आहे. तुम्हाला नाही. शेवटची आंघोळ मी घातली तिला. तिच्या छातीत गाठ होती. लिंबाएवढी. वरची कातडी फुटली होती. चिंध्या बांधून ठेवायची ती त्यावर."

मिस्त्रींनी हातातला घास ताटात परत ठेवला.

अक्का पुढे बोलत राहिली. कॉलेजच्याच दवाखान्यात नेलं होतं ना तुम्ही? तिथे बाईमाणूस पडद्याआड बसतं. अलीकडे डॉक्टर, पलीकडे बाई, आणि मध्ये नवरा. डॉक्टर नवऱ्याला विचारणार, नवरा बायकोला, आणि बायकोनं नवऱ्याच्या कानात सांगितलेलं त्यानं परक्या पुरुषाला मोठ्यानं सांगायचं. तो शब्द तिनं कसा काढावा तोंडातून? तिनं आपली पाठ सांगितली. पाठही दुखतच असेल म्हणा.

"अक्का, मला तरी सांगायचं होतं तिनं. निदान तुम्ही तरी."

"सांगून काय झालं असतं? नेलं असतंत परत त्याच पडद्यापाशी. आणि ती गेल्यावर सांगून तुमच्या जिवाला घोर कशाला लावू, म्हणून गप्प बसले. पण आज तुम्ही हसलात. पडद्याआड बाई असती ना भाऊजी, तर माझ्या बहिणीनं सगळं सांगितलं असतं. ती बाई तयार होतेय तिकडे, आणि तुम्ही तिला पेटीत घालताय. माझ्या बहिणीला ठेवलं होतं पडद्यात, हिला लाकडात. फरक काय?"

मिस्त्री उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. डॉक्टरांनी पाठीला चोळायला तेल दिलं होतं. ते शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं बायकोची पाठ चोळत होते. ती पालथी पडून म्हणायची, बरं वाटतं हो. आणि दुखणं सगळा वेळ खाली, अंथरुणाशी दाबलेलं होतं.

सकाळी पेटी वर्गात बसवायची होती. मोठे साहेब जातीनं आले. बाकांवर मुलं मजा बघायला जमली होती आणि मुलगी दाराशी पुस्तकं घेऊन उभी होती. मिस्त्रींनी फळ्या आणल्या होत्या, पण त्या सुट्या करून, दोरीनं बांधून.

"हे काय? उभी का नाही केली?" साहेबांनी विचारलं.

"करणार नाही, साहेब."

मुलं हसली. एकजण म्हणाला, मिस्त्रींना डॉक्टरीणबाईंचं औषध लागू पडलेलं दिसतंय. साहेब चिडले. "तुझं काम लाकूड कापायचं. मत कोणी विचारलंय तुला?"

"माझ्या बायकोचंही कोणी विचारलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "गेल्या वर्षी तिला तुमच्याकडेच आणली होती, साहेब. पडद्याच्या अलीकडे तुम्हीच होता. पाठीला तेल दिलंत. तिच्या छातीत गाठ होती. ती मेली."

साहेबांनी चष्मा काढला.

"तुम्ही पाठ म्हणाला होता," ते हळू आवाजात म्हणाले.

"तिनं सांगितलं म्हणून मी म्हणालो. आणि तिनं पाठ सांगितली, कारण मध्ये मी होतो."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग शिपायाला म्हणाले, "फळ्या सुतारखान्यात परत न्या." आणि मुलीकडे न बघताच, "पहिल्या बाकावर बसा."

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. ती बसली तशी मुलांनी पाय आपटले. पुढे कितीतरी दिवस आपटले. तिच्या वहीवर शाई सांडली, डब्यात खडूचा चुरा टाकला. काही वडिलांनी आपली मुलं दुसऱ्या कॉलेजात घातली. पाय आपटणारी ती मुलं आज नावाजलेले डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यापैकी एकानंही कधी तिची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. ती मात्र सगळ्यांच्या देखत, टेबलावरून नजर न हटवता शिकली. पास झाली. त्याच दवाखान्यात बायकांच्या खोलीत बसू लागली.

त्या खोलीतला जुना पडदा तिनं पहिल्याच दिवशी उतरवला आणि तपासायच्या खाटेपुढे ठेवायला मिस्त्रींकडून एक लाकडी आडोसा करून घेतला. मिस्त्रींनी तो त्या पेटीच्याच फळ्यांचा केला.

पुढे एकदा मिस्त्रींची लेक माहेरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, "बाबा, हल्ली पाठ फार दुखते." मिस्त्रींनी एक शब्द विचारला नाही. तसेच उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि तिला घेऊन निघाले.

खोलीत डॉक्टरीणबाईंनी लेकीचा हात धरला. मिस्त्री सवयीनं पुढे झाले, तशा त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही बाहेर थांबा."

दार लागलं. कडी आतून लागल्याचा आवाज आला. मिस्त्री व्हरांड्यात बाकावर टेकले. आतून लेकीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती अडखळत सुरू झाली आणि मग बोलतच राहिली. कितीतरी वेळ. मध्येच रडली, मध्येच चक्क हसली. तिची आई उभ्या आयुष्यात एवढं कोणाशी बोलली नव्हती.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ आहे, पण लहान आहे. काढता येईल. वेळेवर आणलंत."

मिस्त्रींनी मान हलवली. लेकीला घ्यायला आत गेले. जाताना त्यांनी त्या आडोशाच्या फळीवरून हात फिरवला.

आपल्या घरातल्या बाईचं दुखणं तिच्या तोंडून ऐकणारं कोणी हवं असेल, तर दुसऱ्याच्या लेकीला शिकताना अडवू नका. शिकणाऱ्या मुलीच्या दाराला आपण बाहेरून कडी लावतो, तेव्हा आतल्या आत कोणकोण मरतं, हे आपल्याला त्यांची शेवटची आंघोळ घालताना कळतं.