बेन्त्सिलचं प्रकरण

एल्मिना गावच्या मरिनर्स फुटबॉल क्लबाला साठ वर्षं होत आली, तेव्हा क्लबाचा इतिहास लिहायचं काम एजिर मास्तरांकडे आलं. दुसरं होतंच कोण? शाळा सांभाळून अठ्ठावीस वर्षं ते क्लबाचे सचिव होते. देशाचं अजिंक्यपद सात वेळा आणि आफ्रिकेचा कप एकदा, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं. आठ महिने खपून त्यांनी बारा प्रकरणं लिहिली. नववं लिहिताना मात्र हात जड झाला. ते एकोव बेन्त्सिलचं होतं.

बेन्त्सिल कप्तान. आफ्रिकेच्या कपाच्या अंतिम सामन्यात बरगडी मोडलेली असताना त्याने शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारले होते. कप गावात आला त्या दिवशी अध्यक्ष थोरले डॅडझी बंदरावर सगळ्यांसमोर म्हणाले, प्रत्येक खेळाडूला टेकडीवर घर बांधून देतो. दोन वर्षांत घरं उभी राहिली, पण त्यांत राहायला गेले डॅडझींचे भाऊबंद. खेळाडूंच्या वतीने बेन्त्सिल जाब विचारायला गेला. पुढच्याच महिन्यात मरिनर्स एक सामना हरले आणि पत्र निघालं: कप्तानाने सामना विकला, सबब आजन्म बंदी. आरोप खोटा होता हे सचिवाला ठाऊक होतं. पत्राखाली सही सचिवाचीच होती.

बेन्त्सिलने मरेपर्यंत एकवीस वर्षं बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहिल्या. येणारेजाणारे टोमणे मारत. तो मान वर करत नसे.

मास्तरांनी हे सगळं लिहिलं, आपल्या सहीसकट. वही क्लबात देण्याआधी ते बेन्त्सिलच्या बायकोकडे, अराबाकडे गेले. ती मासे धुरावर ठेवत होती. बसा म्हणाली, पण हातातलं काम थांबवलं नाही. मास्तरांनी प्रकरण वाचून दाखवलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "तो होता तेव्हा का नाही लिहिलंत? तीन गल्ल्या सोडून तर राहत होता."

मास्तरांनी सांगितलं, शाळाही डॅडझींचीच होती, नोकरी गेली असती, पोरं लहान होती.

"आणि आमची?" अराबाने विचारलं.

आता अध्यक्ष होता थोरल्यांचा मुलगा, अटो. त्याने मास्तरांना बोलावून घेतलं, आदराने बसवलं, थंड पेय दिलं.

"मास्तर, लग्नघरात कुणी मयताच्या गोष्टी काढतं का? नववं वगळू या."

छापायचं तर सगळं छापा, नाहीतर काहीच नको, असं मास्तर म्हणाले.

"बघा बुवा. पत्रावर माझ्या वडिलांची सही नाही. तुमची आहे."

मास्तर उठले. वही तिथेच राहिली.

पुस्तक निघालं ते अकरा प्रकरणांचं, प्रकरणांचे क्रमांक नव्याने लावलेले. कपाच्या फोटोत अकरा जण होते, खाली नावं दहा.

समारंभात मास्तरांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "बेन्त्सिलने सामना विकला नव्हता. पत्र खोटं होतं. सही मी केली." पुढच्या रांगेत त्याच संघातले दोन म्हातारे खेळाडू बसले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनी क्लबाने दिलेली खांद्यावरची नवी वस्त्रं सारखी केली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा चळला." लोक हसले, आणि अटोने खूण करताच बँड वाजू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अराबाकडे गेले. तिच्या कानावर सगळं आधीच आलं होतं.

"आता तुम्हाला झोप लागेल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण मास्तर, पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

ते उठले. आठवडाभरात गावात बोलणं पसरलं, की सचिव स्वतःच कबूल झाला म्हणजे सामना विकला तेव्हा त्याचाही वाटा असणार. बाजारात एका कोळणीने हे त्यांच्या तोंडावर विचारलं. बेन्त्सिलने काही विकलं नव्हतं, असं त्यांनी तिला पुन्हा सांगितलं. तिने मान डोलावली आणि शेजारणीकडे बघून डोळा मारला.