तुळसाक्काचं बाळंतपण

लग्न होऊन साताऱ्याहून म्हैसूरला आल्यापासून ईश्वरी रोज दुपारी नर्मदाबाईंना पुस्तक वाचून दाखवायची. नर्मदाबाई तिच्या नवऱ्याच्या आत्याआजी. नव्वदीला टेकलेल्या, नजर गेलेली.

त्या दिवशी जुन्या काळातल्या बायांच्या सोशिकपणावरचं प्रकरण निघालं. वाचता वाचता ईश्वरी म्हणाली, "आजी, तुमच्या थोरल्या बहिणीसारखंच की हे. पंधराव्या वर्षी बाळंत झाल्या, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. सगळे अजून कौतुकानं सांगतात."

"सुम्ने सांगतात गं, उगाच काहीतरी," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुळसाक्का दोन दिवस ओरडत होती. पुढच्या खोलीत पाहुणे होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्हा पोरांना दाराशी बसवून गाणी म्हणायला लावली. अक्का ओरडली की आमची आजी मला चिमटा काढायची, मोठ्यानं म्हण म्हणून. सात वर्षांची होते मी. म्हटली गाणी."

"मग?" ईश्वरीने विचारलं.

"मूल गेलं. अक्का वाचली. पण पुढं मी कधी गुणगुणले, की ती उठून आत जायची."

ईश्वरीने पुस्तक मिटलं. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळीही पोरांची ती न ऐकलेली गाणी तिच्या कानातून जाईनात. दुपारी तिने वाचायचं टाळलं, तेव्हा नर्मदाबाईंनीच हाक मारली.

"वाच ना गं. त्यात एखादी तरी ओरडलेली सापडते का बघू."