पत्र्यावरच्या चार पट्ट्या

चैतरामांना जाऊन अकरावा दिवस होता आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. अर्ध्या बालाघाटच्या भिंतींवर त्यांनी काढलेले फोटो लागले होते, पण ते स्वतः जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे राहिले. परवा तेरवी. लामत्याहून, लांजीहून माणसं येणार. हार कोणत्या फोटोला घालायचा?

एक फोटो होता. तो अजून कॅमेऱ्यातच होता. त्यांच्या मुलीने, पुष्पलताने, फिल्म मागे गुंडाळायला कॅमेऱ्याची मूठ फिरवली, तर ती रिकामीच फिरली. बोटांना कसलंच ओझं लागेना. फिल्म फिरकीवरून सुटली होती. चिकटपट्टीने दगा दिला होता आणि ती पट्टी तिनेच निवडली होती.

चैतराम शंभर फुटी फिल्म आणत, अंधाऱ्या खोलीत तिचे तुकडे कापत आणि छोट्या डब्यांत भरत. तुकड्याचं टोक डब्यातल्या फिरकीला पट्टीने चिकटवायचं. पण इथल्या मे महिन्यात कोणताही डिंक पाघळतो. म्हणून एकदा बापलेकीने टाकाऊ फिल्मला चार तऱ्हेच्या पट्ट्या लावून पत्र्याच्या छपरावर ठेवल्या होत्या. दुपारी ओढून पाहिलं. सेलोटेप हात लावताच निघाली.

"पाह्य पुष्पे, हे तं रुसून माहेरी चालली!"

टिकली फक्त दवाखान्याची कापडी पट्टी. तेव्हापासून ते ती कंपाउंडर महागूकडून मागून आणत.

"चैतरामभाऊ, आधी जखम दाखवा, मंग पट्टी देतो."

"जखम डब्यात हाय बापा. उजेडात उघडता येत नाही."

मग त्यांनाच दवाखान्यात ठेवावं लागलं. घामाने सलाइनची सुई निसटत होती आणि वॉर्डातली पट्टी संपली होती. पुष्पलताने घरून उरलेली हातभर पट्टी आणली. महागूने ती सगळी त्यांच्या मनगटावर लावली. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी नातेवाइकांना कळवायला सांगितलं. ती घरी धावली, फिल्मचा शेवटचा तुकडा डब्यात भरला. खणात सेलोटेपच होती. एका फोटोपुरती तर टिकेल, असं तिला वाटलं.

ती दवाखान्यात परतली तेव्हा खाटेवरून चैतराम म्हणाले, "आधी तुया मायचा काढ."

आईचे चार निघाले. पाचव्यासाठी फिल्म पुढे सरकवताना कॅमेऱ्याचा खटका जड गेला. तिने जोर लावला, तसा तो एकदम हलका झाला.

"लेन्सवरचं टोपन काढलं नं?" ते हसले. तिने कॅमेरा उभा धरून त्यांचा फोटो घेतला. पहाटे ते गेले.

आता भर दुपारी, फटींना गोधड्या कोंबून, ती अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडून बसली होती. घाम डोळ्यांत उतरत होता. फिल्मचं टोक बोटांना लागलं. पट्टी अजून त्याला चिकटलेली होती, आणि कदाचित फोटो त्या पट्टीखालीच होता. पट्टी तशीच ठेवली तर औषध आत जाणार नाही. झटक्यात ओढली तर निळी ठिणगी पडते आणि तिच्या उजेडाने फिल्म जळते. हे त्यांनीच शिकवलं होतं. तिने ती केसभर केसभर ओढली. श्वास धरून.

"पुष्पे, पानी तं पिऊन घे," बाहेरून शेवंताबाई, तिची आई, तिसऱ्यांदा म्हणाली.

फिल्म धुऊन ती बाहेर आली, दारातल्या उजेडात धरली. आईचे चारही फोटो छान आले होते. पाचव्यात खाटेची कड होती, चादर होती आणि चादरीवर एक हात. त्याच्या वर, पट्टी होती तेवढ्या जागेत, फिल्म काचेसारखी आरपार होती. डिंकाबरोबर चित्राचा थरच निघून आला होता. तिने पुन्हा पाहिलं, फिल्म उलटी करून पाहिलं.

"हे काय हाय?" आईने विचारलं.

"हात."

"आन् तोंड?"

"पट्टीसंगं निघून आलं."



"मंग चांगली पट्टी काहून नाही लावली तू?"

"चांगली त्यांच्या हाताले लावली होती, माय."

शेवंताबाईने फिल्म आपल्या हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. मनगटावर तीन पट्ट्या होत्या. फिल्मवरच्या उलट्या चित्रात पांढऱ्याच्या काळ्या दिसत होत्या, जागच्या जागी.

"याचाच फोटो बनव," ती म्हणाली. "हार लहान सांगतो मी."