ब्रेक सोडला होता का

नाताळच्या दिवशी सकाळी आमची धाकटी घरातल्या एकूण एक खिडकीला भेट देऊन आली. स्वयंपाकघरातली झाली, जिन्यातली झाली, शेवटी स्टुलावर चढून न्हाणीघराच्या झडपेतूनही तिने बाहेर डोकावून पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते आणि ते सगळे एकाच बाजूला फडफडत होते, एवढंच.

“अगं, कुणी येणार आहे का?” सूनबाईने विचारलं. “सांग तरी, एक ताट जास्त मांडते.”

“कुणी नाही गं. वारा बघतेय.”

“वारा बघायचा नसतो, खायचा असतो. बस जरा.”

धाकटी उगाच हसली. चहाचा कप तिने तिसऱ्यांदा तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

माझी ही मुलगी टॉवर क्रेन चालवते. उंच इमारतीचं काम चालू असतं तिथे शेजारी एक उंच लोखंडी खांब उभा असतो, वर भलामोठा आडवा हात असतो आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे काचेची लहानशी केबिन असते. त्या केबिनमध्ये ती बसते. रोज सकाळी शिडीने वर, संध्याकाळी शिडीने खाली. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि ती मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती. सुट्टी संपली की कायम केल्याचा कागद देतो, असं साइटच्या इंजिनिअर साहेबांनी तिला तोंडी सांगितलं होतं. त्या क्रेनवर बसलेली ती पहिलीच बाई. त्यामुळे त्या कागदाकडे आमच्यासारखे साइटवरचेही बरेच जण डोळे लावून बसले होते. काही जण चांगल्या मनाने, काही जण ही कधी चुकते ते बघत.

तेवीस तारखेला साइट बंद झाली आणि चोवीसला आम्ही बापलेक सुट्टीसाठी माझ्या मुलाकडे, मोठ्याकडे, आलो. त्या दिवशी धाकटी मजेत होती. भाचीला खांद्यावर घेऊन झाडाच्या शेंड्याला कागदी चांदणी लावली, सूनबाईशी पत्ते खेळताना लबाडी केली, पकडली गेली. पंचवीसच्या सकाळी मात्र तिने फोनवर हवामानाची बातमी वाचली. दुपारनंतर वारा दिशा बदलणार होता आणि संध्याकाळी वादळ होणार होतं. तेव्हापासून ती खिडक्या पालथ्या घालत होती.

बारा वाजता मोठ्याचा मित्र आला. हा दातांचा डॉक्टर. त्याचे घरचे लांब असतात, म्हणून दर नाताळला तो जेवायला इथेच असतो आणि दर वर्षी स्वतः केक आणतो.

“दरवर्षी केक कसला आणतोस रे?” मोठा म्हणाला. “गिऱ्हाईकं तयार करतोस?”

“तुझ्या घरची आधीच तयार आहेत. तुझी दाढ कधी दाखवतोस ते बोल.”

जेवायला बसलो तेवढ्यात गॅलरीचं दार धाडकन आपटलं. धाकटी ताडकन उठून उभी राहिली. दार लावून आली, बसली, पुन्हा उठून कडी बघून आली.

“आत्या,” माझी नात म्हणाली, “एवढ्या वाऱ्यात तुझी क्रेन पडत नाही?”

माझी नात नऊ वर्षांची. शाळेत तिला दुसरं नाव आहे, पण घरात सगळे तिला चौकशी म्हणतात, आणि का म्हणतात ते तिच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळतं. आत्याचं लक्ष कडीकडे होतं. मुलांचा प्रश्न असा लोंबकळत राहिलेला मला बघवत नाही, म्हणून मी केकच्या खोक्याचं झाकण उचललं आणि चौकशीला गॅलरीत नेलं.

“हे दोन्ही हातांनी समोर धर. वाऱ्याला पूर्ण अडव.”

तिने धरलं. वाऱ्याने तिला दोन पावलं मागे रेटलं. ती खिदळली.

“आता फिरव. वाऱ्याकडे फक्त कड येऊ दे.”

“आता ढकलतच नाही!”

“बरोबर. क्रेनचा हातही तसाच. काम संपलं की त्याचा ब्रेक सोडून ठेवतात. मग वारा येईल तसा तो आपला आपण फिरतो आणि वाऱ्याला फक्त त्याची कड लागते. ब्रेक लागलेला राहिला तर?”

“तर तो झाकणासारखा आडवा राहणार.” तिने विचार केला. “आणि पडणार?”

“मोठं वादळ असलं तर पडूही शकेल. म्हणून उतरण्याआधी ब्रेक सोडायचाच असतो.”

चौकशी झाकण घेऊन धावत आत गेली. “आत्या, तू सोडलास ना ब्रेक?”

धाकटीने ताटातला भात दोन वेळा कालवला. “आठवत नाही,” ती म्हणाली.



“आठवत नाही म्हणजे?” मोठा म्हणाला. “अगं, कुलूप लावलं की नाही, गॅस बंद केला की नाही, तसं असतं ते. सगळ्यांनाच होतं. परत जाऊन बघावं तर केलेलं असतं.”

“असेलही.”

“मग जेव.”

तिला जेववेना. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “बाबा, सकाळपासून डोक्यात तेच चालू आहे. हो म्हटलं की नाही वाटतं, नाही म्हटलं की हो.”

“तू ब्रेकवरच बसू नकोस,” मी म्हटलं. “त्याच्या आधीचं सांग. शेवटचा माल कुठे उतरवलास?”

“आठव्या मजल्यावर. सळया. मग हूक वर घेतला. हात मैदानाकडे फिरवला.”

“मैदानाकडे का?”

“मी रोज तसाच ठेवते. दुसऱ्या बाजूला वस्ती आहे ना, पत्र्याची घरं.” ती थांबली. “मग खालून वॉकीटॉकीवर ओरडायला लागले. फोटो काढायचाय, ये लवकर, तुझ्यामुळे सगळे थांबलेत. मी हातमोजे काढले. पिशवी घेतली. एकजण म्हणाला, वरच राहा, फोटोत तशीही मावणार नाहीस. मी त्याला काहीतरी सुनावलं. मग शिडी.”

“सुनावताना वॉकीटॉकी कुठल्या हातात होता?”

तिने आपले दोन्ही हात पाहिले. “डाव्या.”

“आणि ब्रेक?”

“डाव्याच बाजूला आहे.”

सूनबाईने भांड्यांवर झाकणं ठेवायला सुरुवात केली.

“साहेबांना फोन कर,” मी म्हटलं.

“आणि काय सांगू? मुदत संपायला सहा दिवस राहिलेत बाबा. फोन केला की संपलंच. आधी बघून येते. हात वाऱ्याबरोबर फिरत असेल तर लांबूनसुद्धा कळतं.”

दाताच्या डॉक्टरने तोंडातला घास गिळला आणि किल्ली काढली. “माझी गाडी तुमच्या गाडीमागे लावलीय. आधी तीच काढावी लागेल. चला.”

सूनबाई घरी राहिली. चौकशीला कुणीही बोलावलं नव्हतं, पण आम्ही पोचलो तेव्हा ती गाडीत पट्टा लावून बसलेली होती.

चाळीस मिनिटांचा रस्ता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांना कुलपं, दारांवर दिव्यांच्या माळा. धाकटी पुढे बसली होती आणि प्रत्येक झाडाकडे मान वळवून बघत होती. डॉक्टरने दोन विनोद करून पाहिले, ते कुणी उचलले नाहीत, मग त्यानेही नाद सोडला.

पूल ओलांडल्यावर क्रेन दिसली. आडवा हात मैदानाकडे होता. वाराही मैदानाकडेच वाहत होता.

“बघ!” मोठा मागून ओरडला. “वाऱ्याबरोबर आहे. म्हणजे सुटलेला आहे. उगाच आमच्या पोटाला चिमटा काढलास. फिरव रे गाडी.”

“थांब,” धाकटी म्हणाली.

“आता काय?”

“मी तो तसाच ठेवला होता. मैदानाकडे. दोन दिवस वाराच नव्हता, आज आला तोही नेमका त्याच दिशेचा.” तिचा आवाज बारीक झाला. “सुटलेला असला तरी असाच दिसणार. लागलेला असला तरी असाच.”

“मग कधी कळेल?” चौकशीने विचारलं.

“वारा फिरला की.”

“तोपर्यंत थांबू या ना.”

आत्याने तिच्याकडे वळून नीट उत्तर दिलं, याचं मला तेव्हाही बरं वाटलं. “वारा फिरेल तेव्हा जोरही वाढेल. मग वर चढता येणार नाही. आणि ब्रेक लागलेला असेल तर तेव्हाच सोडायला हवा असणार.”

फाटकावर वॉचमन होता. धाकटीला पाहून त्याने हात केला, पण फाटक उघडलं नाही. “साहेबांच्या परवानगीशिवाय नाही ताई. तुम्हाला माहीत आहे.”

तिला माहीत होतंच. ती रस्ता ओलांडून गेली, परत आली. वस्तीतल्या एका पत्र्यावर कुणीतरी लाल चांदणी टांगली होती, ती गरगरत होती. खाली तीन-चार पोरं नव्या चेंडूने खेळत होती. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन लावला.

तिकडून आधी मुलांचा गलका ऐकू आला, मग साहेबांचा आवाज. रस्ता इतका शांत होता की सगळं ऐकू येत होतं.

“हां, बोला. मेरी ख्रिसमस.”

“साहेब, मी साइटच्या फाटकावर आहे. तेविसाला उतरताना ब्रेक सोडला की नाही, मला आठवत नाही.”

गलका बंद झाला. दार लावून घेतलं असावं. “आठवत नाही म्हणजे काय?”

“म्हणजे आठवत नाही साहेब.”

“आज पंचवीस आहे.”

“हो.”

“वॉचमनला द्या.” वॉचमनने खोलीतल्या वाऱ्याच्या मीटरवरचा आकडा वाचून दाखवला. ताशी अठ्ठावीस किलोमीटर. साहेब धाकटीला म्हणाले, “पस्तीस झाला की जिथे असाल तिथून उतरायचं. पट्टा लावा. वॉचमन खाली वॉकीटॉकी घेऊन उभा राहील. लवकर.”

ती चढली. मी याआधी तिला चढताना कधी पाहिलं नव्हतं. आधी हिरवं जाकीट दिसत होतं, मग हिरवा ठिपका, मग तोही जाळीदार लोखंडात दिसेनासा झाला. मोठा फेऱ्या मारत होता. “सुटलेलाच असणार,” तो डॉक्टरला सांगत होता. “ही लहानपणापासून अशीच. परीक्षेचा पेपर दिल्यावर रडायची आणि मार्क पैकीच्या पैकी.”

“आजोबा, आकडा बत्तीस झाला,” चौकशी वॉचमनच्या खोलीतून ओरडली.

वॉकीटॉकी खरखरला. “पोचले.” आम्ही सगळे माना वर करून त्या आडव्या हाताकडे बघत होतो. तो जराही हलला नाही. हलणार कसा? वाऱ्याबरोबरच तर होता. तिने वर ब्रेक सोडला काय किंवा आधीच सुटलेला सापडला काय, खालून फरक दिसणारच नव्हता. हे मला तिथे उभं असताना उमगलं. वर काय सापडलं ते फक्त तिला ठाऊक असणार होतं.

मोठ्यालाही ते उमगलं. ती खाली उतरून पट्टा सोडत होती तेव्हा तो अगदी जवळ गेला आणि हळूच म्हणाला, “काम झालं ना? मग सुटलेलाच होता म्हणून सांग. कुणाला काय कळतंय?”

मला त्याला अडवायला हवं होतं. आयुष्यभर मी मुलांना ज्या गोष्टी सांगत आलो त्यात खरं बोलणं ही पहिली होती. पण मी गप्प बसलो, आणि खरं सांगायचं तर तिने मोठ्याचं ऐकावं असंच मला त्या क्षणी वाटलं. तिचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. फोन वाजत होता.

“काय सापडलं?” साहेब.

धाकटीने एकदा मोठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “लागलेला होता साहेब. मी विसरले होते.”



“आता सुटलाय?”

“हो.”

“नक्की?”

“सोडला, मग ब्रेकचा दांडा हाताने ढकलून बघितला. मग पुन्हा बघितला.”

“दोन तारखेला आठ वाजता ऑफिसात या. वर चढायच्या आधी मला भेटा.”

फोन ठेवला गेला. मोठा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गाडीकडे गेला आणि दार आपटून बसला.

“वर चढायच्या आधी म्हणजे, नंतर चढू देणार ना?” चौकशीने विचारलं.

“माहीत नाही गं.”

“पण तू खरं सांगितलंस.”

“हो. पण विसरलेही होते ना.”

डॉक्टर निघू या म्हणत होता, पण धाकटी हलेना. साडेतीनच्या सुमारास वारा पडल्यासारखा झाला, आणि मग एकदम दुसरीकडून आला, जोरात. वस्तीतली पोरं चेंडू उचलून घरात पळाली. वरचा हात करकरला आणि हळूहळू, एखादा म्हातारा झोपेत कूस बदलतो तसा, फिरायला लागला. वस्तीच्या पत्र्यांवरून त्याची अंधुक सावली सरकत गेली. हात पूर्ण फिरून वाऱ्याच्या रेषेत स्थिर होईपर्यंत धाकटी बघत होती. मग ती गाडीत येऊन बसली.

घरी सूनबाईने सगळं पुन्हा गरम केलं. धाकटी जेवली, केकही खाल्ला, मोठ्याशी एक शब्द बोलली नाही आणि तोही तिच्याशी बोलला नाही. बाहेर वादळ सुरू झालं होतं, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. ती एकाही खिडकीकडे गेली नाही. टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत बसली, पसरले, पुन्हा गोळा केले.

“आज पंचवीसच ना?” तिने विचारलं.

चौकशीने लगेच बोटं मोजली. “हो! म्हणजे दोन तारखेपर्यंत अजून आठ दिवस आहेत आत्या,” ती आनंदाने म्हणाली. “आपण काय काय करायचं?”